साडेतीन, सात, सात

वडगावात माग चालू असले की
समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही,
म्हणून शट्टुप्पा मला हातानंच शिकवायचा.
तीन बोटं वर. मग मूठ.
मग मुठीतून निघालेला जस्ताचा डबा,
काडेपेटीएवढा: एक तोंड आत, तीन बाहेर.

सेट-टॉप यायच्या आधीची गोष्ट.
मी नववी नापास, कमरेला पक्कड,
खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं.

कामकरांची वाटणी त्याच महिन्यात झालेली.
माग मोजले, कांड्या मोजल्या,
तांब्याचा हंडा तर पाण्यासकट मोजला.
राहिली छपरावरून आलेली केबल.

डब्याच्या तोंडांवर आकडे कोरलेले:
साडेतीन, सात, सात.
नागाप्पा म्हणाला, मी थोरला, मला सात.
"घे की," शट्टुप्पा म्हणाला,
"खरं हा आकडा मिळण्याचा नव्हे गा, जाण्याचा."
नागाप्पा थोडा थांबला.
मग म्हणाला, साडेतीनसुद्धा थोरल्याचंच.

शट्टुप्पानं वाद घातला नाही, अंगण पावलांनी मोजलं.
थोरल्याचा टीव्ही भिंतीला लागून, आठ पावलं.
मधल्या गुरुसिद्धचा माडीवर.
धाकटा शिवलिंग मागं, रंगाच्या भट्टीपल्याड,
चाळीस पावलं,
आणि वायर काही फुकट चालत नाही,
दर पावलाला थोडं खाते.
म्हणून साडेतीन धाकट्याला.

थोरल्यानं आम्हाला दोन दिवस चहा विचारला नाही.
तिसऱ्या दिवशी तिन्ही घरांत हिंडून आला,
तिन्ही पडद्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला,
आणि चहा सांगितला.

एक जळका डबा मी रात्री फोडून बघितला.
आत दोन भोकांचा काळा मणी,
त्यातून केसासारख्या तारेचे चार वेढे.
दोन वाटांच्या मध्ये एक बारका रोध,
एका टीव्हीची खरखर दुसऱ्याच्या घरात जाऊ नये म्हणून.
भांडी आपटल्याचा आवाज अडवणारा
असला काही मिळतो काय,
शिवलिंगच्या बायकोनं विचारलं होतं.

ती गडहिंग्लजची. तिच्याकडं मराठी बातम्या,
थोरल्याकडं कन्नड मालिका.
एकाच तांब्याच्या काडीतून दोन्ही यायच्या
एकमेकींना न ढकलता.
डबा काही निवडायचा नाही,
सगळंच सगळ्यांना द्यायचा,
फक्त बारीक करून.

दिवाळीनंतर गुरुसिद्ध माग विकून इचलकरंजीला गेला.
टीव्ही नेला, वायर तशीच माडीवर लोंबत सोडली.
आणि उरलेल्या दोन घरांत
माणसांच्या उजवीकडं माणसं दिसू लागली,
फिकी, नखाच्या कडेएवढी सरकलेली.
थोरला म्हणे, धाकट्यानं काहीतरी केलं.
धाकटा शिडी घेऊन थोरल्याच्या भिंतीवर.

शट्टुप्पा तेव्हा अंथरुणाला लागला होता. मी एकटा चढलो.
त्या वायरीतून जे जात होतं
ते टोकाला पोचून बघायचं, घ्यायला कुणी नाही,
की आलं तसं माघारी,
आणि भावांच्या दारात उशिरा हजर.

वायर सोडवली. खिशातून टोपी काढली,
पंच्याहत्तर ओहमची, शेंगदाण्याएवढी.
आत एक रोध असतो, आलेलं सगळं मुकाट्यानं गिळतो,
बोटालाही कळणार नाही एवढा गरम होतो.
गुरुसिद्धच्या तोंडावर पीळ देऊन बसवली.
खालून दोन आरोळ्या एकदमच आल्या,
आलं!
बंतू!

टोपीचे पैसे मी लावले नाहीत.

संध्याकाळी शट्टुप्पाला सगळं सांगितलं.
त्याच्या गल्लीत माग नाहीत,
तरी बोलायच्या आधी त्यानं तीन बोटं वर केली
आणि पालथी घातली.
"उलटा लावलास तर हाच डबा तिघांस्नी जोडतोय,
ठाऊक हाय काय?"
ठाऊक नव्हतं.
"खरं जोडतानाबी जातंय तेवढंच," तो म्हणाला,
आणि भिंतीकडं वळून झोपला.
साडेतीन, सात, सात.